लॅपटॉपवर कुबरनेटिस: काइंडसोबतचा पहिला दिवस

पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण एकाच जागी अडकतो. ॲपची इमेज बांधून झालेली असते, “डॉकर इमेजेस” म्हटलं की यादीत व्यवस्थित दिसते, आणि तरी कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली) म्हणतं की इमेज सापडत नाही. पॉडच्या (कंटेनर ज्यात चालतो त्या कुबरनेटिसच्या खोलीच्या) नावापुढे आधी “एररइमेजपुल”, मग थोड्या वेळाने “इमेजपुलबॅकऑफ”. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. इमेज तुमच्या लॅपटॉपवर पडून आहे आणि क्लस्टर, म्हणजे कुबरनेटिस चालवणारा मशीनचा गट, ती शोधायला डॉकर हब या इंटरनेटवरच्या इमेजेसच्या कोठारात गेलंय.

ज्यांना डॉकरफाइल लिहिता येते, पण ऑफिसातलं ॲप कुबरनेटिसवर चालतं म्हणून ते आपल्या मशीनवर चालवून बघायची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आज्ञा मी शेजारी बसून सांगाव्यात तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. क्यूबसीटीएल (कुबरनेटिसला आज्ञा देण्याचं साधन) म्हणजे के-यू-बी-ई-सी-टी-एल, सगळं सलग. त्याचा उच्चार “क्यूब-कंट्रोल” की “क्यूब-कडल” यावर चहाच्या टपरीवर वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, टर्मिनलला फरक पडत नाही.

आधी, हे खरंच हवंय का?

तुमचं ॲप, एक डेटाबेस, आणि सर्व्हरवरही कुबरनेटिस नाही, असं असेल तर डॉकर कंपोझ पुरे. एक फाइल लिहायची, “डॉकर कंपोझ अप” म्हणायचं, कामाला लागायचं. तिथे कुबरनेटिस आणणं म्हणजे नसती उठाठेव.

पण सर्व्हरवर कुबरनेटिस असेल, टीमच्या रेपोमध्ये डिप्लॉयमेंटच्या (कुठली इमेज कशी चालवायची हे सांगणाऱ्या) यॅमल फाइली असतील आणि त्यात केलेला बदल बरोबर की चूक हे दर वेळी स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) ढकलूनच कळत असेल, तर लॅपटॉपवर एक छोटं क्लस्टर हवंच. त्यासाठी मी काइंड सुचवतो. “कुबरनेटिस इन डॉकर” या शब्दांवरून हे नाव आलंय. मुळात ते कुबरनेटिसचीच चाचणी घेण्यासाठी बनलं, त्यामुळे क्लस्टर उभं करणं आणि मोडणं हा त्यात अगदी किरकोळ मामला आहे. नवख्याला नेमकं तेच हवं असतं. मिनीक्यूब त्याहून जुनं आहे, के-थ्री-डी आहे, डॉकर डेस्कटॉपमध्येही कुबरनेटिस सुरू करायची सोय आहे. टीममध्ये यांपैकी काही आधीच वापरात असेल तर तेच घ्या. पुढचे बहुतेक घोळ तिथेही भेटतील.

कोण कुणाच्या घरात

हा भाग घाई न करता वाचा, बाकीचा सगळा लेख यावर उभा आहे.

जुना भाडेकरूंचा वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा म्हणजे तुमचा लॅपटॉप. त्यात डॉकर चालतं, ते वाड्याचं मालक, आणि त्याचं स्वतःचं एक फडताळ आहे, तुम्ही बांधलेल्या इमेजेस त्यात राहतात. काइंड क्लस्टर बनवतं म्हणजे या वाड्यात एक बिऱ्हाड आणून ठेवतं. हे बिऱ्हाड म्हणजे नोड. खऱ्या क्लस्टरमध्ये नोड हे स्वतंत्र मशीन असतं, इथे तो एक डॉकर कंटेनर असतो. त्या बिऱ्हाडाच्या आत कंटेनरडी नावाचा वेगळा कारभारी आहे आणि त्याचं फडताळही वेगळं. तुमचा पॉड राहतो या बिऱ्हाडातल्या एका खोलीत.

आता सुरुवातीचा घोळ उलगडतो. इमेज मालकाच्या फडताळात आहे, बिऱ्हाडाच्या फडताळात नाही. बिऱ्हाडकरूला मालकाचं फडताळ उघडता येत नाही, म्हणून तो बाजारात जातो.

लोकलहोस्टचंही असंच. लोकलहोस्ट हा शब्द आपल्या “आमच्याकडे” सारखा आहे. “आमच्याकडे आमटीत गूळ घालतात” या वाक्यातलं घर कोणतं, हे बोलणाऱ्यावर ठरतं. पॉडमधलं ॲप लोकलहोस्ट म्हणतं तेव्हा ते स्वतःच्या खोलीबद्दल बोलतं, तुमच्या लॅपटॉपबद्दल नाही. लॅपटॉपवर चालणाऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट म्हणून दिलात आणि पॉडमधून जोडणी होईना, तर कारण हेच.

अडकलात की आधी विचारा, आत्ता मी कुणाच्या घरात उभा आहे?

मांडामांड

तीन गोष्टी लागतात: डॉकर, काइंड आणि क्यूबसीटीएल. मॅकवर होमब्रूने तिन्ही येतात. विंडोजवर डब्ल्यूएसएल-टू (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करून डॉकर डेस्कटॉप टाका. डब्ल्यूएसएल आपणहून मशीनची अर्धी मेमरी घेऊ शकतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर उरलेल्या अर्ध्यात ब्राउझर आणि एडिटर धापा टाकू लागतात, तेव्हा आकडा बदलायचा तर होम फोल्डरमधल्या “डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग” फाइलमध्ये बदलतो. लिनक्सवर नुसतं डॉकर इंजिन पुरतं.

ऑफिसच्या मशीनवर टाकण्याआधी एक चौकशी करा. २५०हून अधिक कर्मचारी किंवा वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या कंपन्यांना डॉकर डेस्कटॉपसाठी पैसे मोजावे लागतात. लिनक्सवरच्या डॉकर इंजिनला ही अट नाही, आणि काइंड डॉकरऐवजी पॉडमन या पर्यायावरही चालतं.

आता “काइंड क्रिएट क्लस्टर”. पहिल्या खेपेला नोडची इमेज उतरते, ती काहीशे एमबीची असते, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नका. नंतरच्या खेपा पटकन होतात. झाल्यावर “क्यूबसीटीएल गेट नोड्स” म्हणा. एकच नोड दिसेल, “काइंड-कंट्रोल-प्लेन” नावाचा. सुरुवातीला तो “नॉटरेडी” असतो, जरा थांबलात की “रेडी” होतो. मग “डॉकर पीएस” म्हणा. त्याच नावाचा एक कंटेनर दिसेल. हे तुमचं बिऱ्हाड. आख्खं क्लस्टर त्या एका कंटेनरमध्ये आहे.

ॲप आत न्यायचं

उदाहरणाला फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेब ॲप लिहायचं साधन) लिहिलेलं छोटं ॲप घेऊ. एसटीच्या गाड्यांच्या वेळा दाखवतं, नाव वेळापत्रक. नावात अंडरस्कोअर घालू नका, कुबरनेटिसला तो चालत नाही. मोठी अक्षरंही नकोत. जोडरेघ चालते.

डॉकरफाइलमध्ये नेहमीचंच: पायथनची स्लिम इमेज, आधी फक्त रिक्वायरमेंट्सची फाइल कॉपी करून पिप इन्स्टॉल, मग बाकीचा कोड. हा क्रम पाळलात तर कोडची एक ओळ बदलल्यावर सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरत नाहीत. दिवसातून वीस वेळा बिल्ड करणाऱ्याला हा फरक जाणवतो. शेवटची सीएमडी ओळ चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा, आणि फ्लास्क सुरू करताना “--होस्ट=०.०.०.०” द्या. ते का, हे पुढे येतंय.

बिल्डची आज्ञा: “डॉकर बिल्ड -टी वेळापत्रक:१ .” शेवटचा ठिपका टाइप करायचा आहे. तो पूर्णविराम नाही, “याच फोल्डरमधून” असा त्याचा अर्थ.

आणि मग ती ओळ, जी न लिहिल्यामुळे लोकांची दुपार जाते: “काइंड लोड डॉकर-इमेज वेळापत्रक:१”. मालकाच्या फडताळातली इमेज उचलून बिऱ्हाडाच्या फडताळात ठेवण्याचं काम ही करते. पोचली का ते बघायचं असेल तर “डॉकर एक्झेक काइंड-कंट्रोल-प्लेन क्रायसीटीएल इमेजेस” म्हणा, बिऱ्हाडाची यादी मिळेल.

इमेजला टॅग म्हणून “:१” दिलाय, “:लेटेस्ट” नाही, हे लक्षात आलं असेल. टॅग लेटेस्ट असला, किंवा दिलाच नाही, तर कुबरनेटिस दर वेळी रजिस्ट्रीकडे (डॉकर हबसारख्या कोठाराकडे) जाऊन विचारतं, मग इमेज फडताळात असो वा नसो. दुसरा कुठलाही टॅग दिला तर आधी फडताळ बघतं आणि तिथे नसेल तरच बाहेर जातं. म्हणजे लोड करूनही इमेज सापडत नाही असं दिसलं, की पहिला संशय लेटेस्टवर घ्या.

डॉकर हबबद्दलही एक सांगून ठेवतो. नोव्हेंबर २०२० पासून तिथून इमेजेस उतरवण्यावर मर्यादा आहे, आणि लॉगिन न केलेल्यांची मोजदाद आयपी पत्त्यावरून होते. होस्टेलमध्ये किंवा ऑफिसात चाळीस जण एकाच पत्त्यामागे असतात. तुम्ही सकाळपासून काहीही उतरवलेलं नसताना “टूमेनीरिक्वेस्ट्स” आलं, तर ते शेजाऱ्यांचं पुण्य आहे. फुकट खातं काढून “डॉकर लॉगिन” करा, लॅपटॉपवर “डॉकर पुल” करा आणि मग काइंड लोडने आत ढकला.

यॅमल हाताने लिहू नका

निदान पहिली तरी नको. यॅमलमध्ये आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेस लागते, आणि दोन स्पेस इकडच्या तिकडे झाल्या की अर्थ बदलतो. त्यापेक्षा कुबरनेटिसकडूनच लिहून घ्या: “क्यूबसीटीएल क्रिएट डिप्लॉयमेंट वेळापत्रक --इमेज=वेळापत्रक:१ --ड्राय-रन=क्लायंट -ओ यॅमल”. क्लस्टरला हात न लावता ती फाइल पडद्यावर ओतते. ती डिप्लॉयमेंट डॉट यॅमल म्हणून साठवा, एकदा वाचा, मग “क्यूबसीटीएल अप्लाय -एफ” आणि पुढे फाइलचं नाव.

“क्यूबसीटीएल गेट पॉड्स” मध्ये “रनिंग” दिसलं की सर्व्हिस बनवा: “क्यूबसीटीएल एक्स्पोझ डिप्लॉयमेंट वेळापत्रक --पोर्ट=८० --टार्गेट-पोर्ट=५०००”. सर्व्हिस म्हणजे पॉडच्या दारावरची कायमची पाटी. पॉड मरतात, नवे येतात, त्यांचे पत्ते बदलतात, पण पाटीवरचं नाव तेच राहतं.

ब्राउझरमधून बघायला “क्यूबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड सर्व्हिस/वेळापत्रक ८०८०:८०” चालू ठेवा आणि लोकलहोस्टचा ८०८० पोर्ट उघडा. मॅकवाल्यांनी लॅपटॉपच्या बाजूला ५००० हा पोर्ट टाळावा, तिथे एअरप्ले आधीच ठाण मांडून बसलेलं असू शकतं.

आता ते ०.०.०.० प्रकरण. फ्लास्क आपणहून फक्त १२७.०.०.१ वर ऐकतं, म्हणजे खोलीच्या आतून मारलेल्या हाकेलाच ओ देतं. गंमत अशी की पोर्ट-फॉरवर्ड करून बघितलं तर सगळं छान चालतं. कारण पोर्ट-फॉरवर्ड दारावर टकटक करत नाही, ते थेट पॉडच्या आत शिरून तिथल्या लोकलहोस्टशी बोलतं. आज्ञेत सर्व्हिसचं नाव दिलं असलं तरी त्यावरून फक्त पॉड निवडला जातो, सर्व्हिसचा रस्ता वापरला जात नाही. म्हणून ब्राउझरमध्ये पान दिसतंय, पण दुसऱ्या पॉडला मात्र “कनेक्शन रिफ्यूज्ड”, असं विचित्र चित्र दिसतं. मी यावर एकदा संध्याकाळ घालवली आहे, आणि सगळा वेळ सर्व्हिसच्या यॅमलला दोष देत होतो.

खरी परीक्षा घ्यायची तर क्लस्टरच्या आतून घ्या. “क्यूबसीटीएल रन तपास --आरएम -आयटी --रिस्टार्ट=नेव्हर --इमेज=कर्लइमेजेस/कर्ल -- कर्ल एचटीटीपी://वेळापत्रक”. (यातलं “नेव्हर” इंग्रजी मोठ्या एनने सुरू होतं.) तपास नावाचा पॉड उभा राहतो, दार वाजवतो आणि काम झालं की निघून जातो.

मुद्दाम एक पॉड पाडू या

डेटाबेस हवाच आहे, तर त्यातूनच चुका वाचायला शिकू. “क्यूबसीटीएल क्रिएट डिप्लॉयमेंट पोस्टग्रेस --इमेज=पोस्टग्रेस:१६” म्हणा. थोड्या वेळात पॉड “क्रॅशलूपबॅकऑफ” मध्ये जाईल. घाबरायचं कारण नाही, तसंच व्हायला हवं होतं.

क्रॅशलूपबॅकऑफ ही चूक नाही, चुकीनंतरचं थांबणं आहे. कंटेनर पडला, कुबरनेटिसने पुन्हा उठवला, पुन्हा पडला. मग ते आधी १० सेकंद थांबतं, मग २०, मग ४०, असं करत जास्तीत जास्त ५ मिनिटं. त्यामुळे हा शब्द पाहून गूगल करण्यात अर्थ नाही, त्याची कारणं हजार असू शकतात. कारण लॉगमध्ये असतं: “क्यूबसीटीएल लॉग्ज डिप्लॉयमेंट/पोस्टग्रेस”. डेटाबेस तयार झालेला नाही आणि सुपरयूझरचा पासवर्ड दिलेला नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं दिसेल. कंटेनर नुकताच पुन्हा उठला असेल आणि लॉग रिकामा असेल, तर “--प्रीव्हियस” जोडा, आधीच्या जन्मातलं बोलणं ऐकू येतं.

पासवर्ड द्यायला “क्यूबसीटीएल सेट एन्व्ह डिप्लॉयमेंट/पोस्टग्रेस” आणि पुढे पोस्टग्रेस_पासवर्ड हा एन्व्हायर्नमेंट चल (ॲपला बाहेरून दिलेलं मूल्य). हे नाव मात्र पूर्ण मोठ्या अक्षरांत आणि मधे अंडरस्कोअर. नवा पॉड येईल आणि टिकेल.

लॉग आणि डिस्क्राइब यांची वाटणी मनात ठेवा. कंटेनर सुरू होऊन पडला तर लॉग बघायचा. सुरूच झाला नाही, म्हणजे इमेज मिळाली नाही किंवा पॉड “पेंडिंग” मध्ये अडकला, तर लॉग कुठून असणार? तिथे “क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड” आणि पॉडचं नाव, आणि नजर थेट तळाच्या इव्हेंट्सवर. डिस्क्राइबमध्ये १३७ हा एक्झिट कोड आणि सोबत “ओओएमकिल्ड” दिसलं, तर ॲपने नेमून दिलेल्यापेक्षा जास्त मेमरी खाल्ली. पायथन बिचारं निर्दोष असतं, यॅमलमधली मर्यादा कुणीतरी अंदाजाने लिहिलेली असते.

पोस्टग्रेसला सर्व्हिस बनवताना मी तिचं नाव “डीबी” ठेवतो, आणि त्याला कारण आहे. कुबरनेटिस जुन्या सवयीने प्रत्येक सर्व्हिसच्या नावावरून काही एन्व्हायर्नमेंट चल बनवून त्याच नेमस्पेसमधल्या (क्लस्टरच्या कप्प्यातल्या) पॉडमध्ये सोडतं. सर्व्हिसचं नाव पोस्टग्रेस असेल तर पोस्टग्रेस_पोर्ट नावाचा चल आपोआप येतो. त्यात ५४३२ नसतं, टीसीपीने सुरू होणारा अख्खा पत्ता असतो. तुमचं ॲप त्याच नावाचा चल वाचून आकडा अपेक्षित करत असेल तर ते पडतं, आणि “मी तर हा चल कुठे लिहिलाच नाही” म्हणत तुम्ही सगळ्या फाइली धुंडाळत बसता. म्हणून: “क्यूबसीटीएल एक्स्पोझ डिप्लॉयमेंट पोस्टग्रेस --नेम=डीबी --पोर्ट=५४३२”. ॲपला डेटाबेसचा पत्ता म्हणून नुसतं “डीबी” सांगायचं.

या पोस्टग्रेसमधला डेटा पॉडसोबत जातो. विकासाच्या कामात मला ते बरंच वाटतं, कारण त्यामुळे सुरुवातीचा डेटा भरणारी स्क्रिप्ट लिहावीच लागते. टिकवायचाच असेल तर पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम बनवा, काइंडमध्ये “स्टँडर्ड” नावाचा स्टोरेज क्लास तयार असतो. क्लस्टर मोडलं की मात्र तोही डेटा गेला.

कोड बदलला, आता?

पुन्हा बिल्ड, पुन्हा लोड. आणि त्यावरही जुनंच पान दिसतं, कारण टॅग तोच ठेवला असेल तर कुबरनेटिसच्या लेखी काहीच बदललेलं नाही. एक तर “क्यूबसीटीएल रोलआउट रिस्टार्ट डिप्लॉयमेंट/वेळापत्रक” म्हणा, नाहीतर टॅग २ करून यॅमलमध्ये बदला आणि अप्लाय करा. मला दुसरी पद्धत आवडते, कुठला कोड चालू आहे याचा संशय राहत नाही. यानंतर ब्राउझर मेला तर गडबडू नका. पोर्ट-फॉरवर्ड जुन्या पॉडला धरून होतं, तो गेला. ते पुन्हा सुरू करा.

जुना पॉड “टर्मिनेटिंग” मध्ये अर्धा मिनिट रेंगाळताना दिसेल. कुबरनेटिस आधी सिगटर्म हा सिग्नल पाठवून बंद व्हायला नम्रपणे सांगतं, ३० सेकंद वाट बघतं आणि मग सिगकिल देऊन सक्तीने बंद करतं. कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसने सिगटर्म हाताळायची सोय केली नसेल तर लिनक्स तो सिग्नल चक्क सोडून देतं. फ्लास्कच्या विकासासाठीच्या सर्व्हरचं असंच होतं. गुनिकॉर्न नावाचा दुसरा सर्व्हर मात्र सांगितलेलं ऐकतो.

हे सगळं दर बदलाला हाताने करणं कंटाळवाणं आहे. स्कॅफोल्ड किंवा टिल्ट यांपैकी एक लावलंत तर फाइल सेव्ह होताच बिल्ड, लोड, अप्लाय आपोआप होतं. पण पहिला आठवडा हातानेच करा, नाहीतर टिल्टच्या पडद्यावर लाल दिसल्यावर ते कुठल्या पायरीवर अडलंय हे कळणार नाही. माझी स्वतःची रीत आणखी साधी आहे. दिवसभर ॲप थेट लॅपटॉपवर, क्लस्टरच्या बाहेर चालवतो. फक्त डेटाबेस आत, पोर्ट-फॉरवर्डने ५४३२ वर आणलेला. क्लस्टरमध्ये ॲप न्यायचं ते यॅमल, प्रोब (ॲप ठीक आहे का याची तपासणी) किंवा कॉन्फिग बदलल्यावर.

चुकीच्या दारात उभं राहू नका

काइंडने बनवलेल्या क्लस्टरचा कॉन्टेक्स्ट (कुठल्या क्लस्टरशी बोलायचं याची नोंद) क्यूबसीटीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये “काइंड-काइंड” नावाने नोंदला जातो. त्याच फाइलमध्ये ऑफिसच्या स्टेजिंगचा, कधीकधी प्रॉडक्शनचाही कॉन्टेक्स्ट असतो. एका जुन्या नोकरीत मी “लोकल साफ करतो” म्हणून एक नेमस्पेस उडवली. ती स्टेजिंगवरची निघाली. डेमो दुसऱ्या दिवशी सकाळी होता.

तेव्हापासून काही डिलीट करण्याआधी “क्यूबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट” हे बोटांना लागलेलं वळण आहे. त्याहून बरं म्हणजे टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्येच कॉन्टेक्स्टचं नाव दिसेल अशी सोय करा, आणि प्रॉडक्शनची कॉन्फिग फाइल पूर्ण वेगळी ठेवा.

जे इथे होत नाही

लोडबॅलन्सर जातीची सर्व्हिस बनवलीत तर तिचा बाहेरचा आयपी “पेंडिंग” वरच राहील. तो आयपी द्यायला क्लाउड कंपनी लागते, आणि ती तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही. क्लाउड-प्रोव्हायडर-काइंड किंवा मेटलएलबी लावून भागवता येतं, पण पहिल्या दिवशी पोर्ट-फॉरवर्ड बास. नोडपोर्ट (नोडच्याच एका पोर्टवर उघडणारी सर्व्हिस) वापरायचा तर काइंडच्या कॉन्फिगमध्ये पोर्टची जोडणी क्लस्टर बनवतानाच द्यावी लागते, नंतर सुचलं तर क्लस्टर मोडून पुन्हा बनवायचं.

आणि मॅकच्या एम मालिकेतल्या चिपवर बांधलेली इमेज इथे सुरळीत चालून इंटेल सर्व्हरवर “एक्झेक फॉरमॅट एरर” देऊ शकते. सर्व्हरला पाठवायची इमेज “--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४” देऊन वेगळी बांधा.

संध्याकाळी “काइंड डिलीट क्लस्टर”. यॅमल आणि स्क्रिप्ट रेपोमध्ये असतील तर उद्या सकाळी चहा होईपर्यंत सगळं पुन्हा उभं राहतं. मालकाच्या फडताळात मात्र जुन्या इमेजेस साचत जातात. “डॉकर सिस्टम डीएफ” ने किती जागा गेली ते बघा आणि “डॉकर इमेज प्रून” ने टॅग सुटलेल्या इमेजेस झाडून काढा. त्याऐवजी “डॉकर सिस्टम प्रून” ला “--व्हॉल्यूम्स” जोडायचा मोह झाला, तर आधी दुसऱ्या एखाद्या प्रोजेक्टचा डेटाबेस त्या व्हॉल्यूममध्ये नाही ना, हे “डॉकर व्हॉल्यूम एलएस” ने बघून घ्या.